विषकाराचे पद

सारा पूल यांची ‘पॉयझन’ ही २०१० साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी १४९२ च्या उन्हाळ्यातील रोममध्ये घडते. तिची निवेदिका फ्रान्चेस्का जॉर्दानो ही कार्डिनल रोद्रिगो बोर्जिया याच्या पदरी असलेल्या विषकाराची मुलगी. पित्याचा खून झालेला आहे, त्याच्या जागी एका स्पॅनिश माणसाची नेमणूक झालेली आहे, आणि फ्रान्चेस्का त्या स्पॅनिश माणसालाच विष देऊन आपली पात्रता सिद्ध करते व पित्याचे पद मिळवते. पुढे पोप इनोसंट आठवा याचा मृत्यू, ज्यूंच्या हद्दपारीचे सावट, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोर्जियाचे सहावा अलेक्झांडर या नावाने पोपपदावर आरोहण, असा सारा पट तिच्या डोळ्यांनी आपल्याला दिसतो. पूल यांनी या निवेदिकेला घेऊन पुढील दोन वर्षांत आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. प्रबंधांतून चर्चा व्हावी अशा ग्रंथांत या पुस्तकांची गणना कोणी करणार नाही. मी मात्र ‘पॉयझन’ दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिने मला एका प्रश्नात गुंतवले. तो प्रश्न ऐतिहासिक कादंबरीच्या रूपबंधाचा आहे, आणि काही प्रमाणात न्यायाचाही आहे.

या कादंबरीतील सर्वांत मोठी निर्मिती मला फ्रान्चेस्का ही व्यक्तिरेखा वाटत नाही. ते पद वाटते. दरबारात विषकार म्हणून कोणी पगारावर असतो, त्याची विद्या पित्याकडून अपत्याकडे जाते, धन्याचे अन्न, वस्त्रे आणि पत्रे तपासणे व प्रसंगी धन्याच्या शत्रूचा काटा काढणे अशी त्याची दुहेरी जबाबदारी असते, ही कल्पना आपण पहिल्या काही पानांतच निमूटपणे स्वीकारतो. प्रबोधनकाळातील इटालियन दरबारांच्या चाकरवर्गात मुदपाकखान्याचा कारभारी असे, ताटातील मांस कापून देणारा असे, मद्य देणारा असे, आणि धन्याआधी पदार्थ चाखून पाहणाराही असे. चाखण्याच्या या विधीला इटालियनमध्ये ‘क्रेदेंझा’ असे नाव होते. शब्दाचा मूळ अर्थ विश्वास. ज्या मेजावर हा विधी होई त्यालाही पुढे तेच नाव पडले, आणि आज ते जेवणघरातील एका साध्या कपाटाचे नाव होऊन उरले आहे. म्हणजे विश्वासाचे पद दरबारात होते, त्याला भाषेत जागा होती. विषाचे पद तेवढे नव्हते.

विष देण्याचे प्रस्ताव येत नसत असे नव्हे. व्हेनिसच्या ‘दहांच्या परिषदे’च्या गोपनीय दप्तरात १५१३ सालचा एक प्रस्ताव आहे. रागुझा येथील योहान नावाच्या एका साधूने त्यात आपले दरपत्रकच सादर केले आहे: तुर्की सुलतानासाठी ५०० डुकाट, स्पेनच्या राजासाठी १५०, पोपसाठी १००, मिलानच्या ड्यूकसाठी ६०. या यादीतील उतरता क्रम मोठा मनोरंजक आहे. कोणाच्या मरणाला किती किंमत यावरून त्या काळचे राजकारण शिकवता येईल. पण हा साधू बाहेरून आलेला फिरता विक्रेता आहे, कोणाच्या आस्थापनेवरचा नोकर नव्हे. पूल यांनी या फेरीवाल्याला घरात आणले, त्याला खोली दिली, उपकरणे दिली, आणि वारसही दिला. असे का करावे लागले, हा खरा प्रश्न आहे. मला सुचणारे उत्तर असे की, अफवेला कर्ता नसतो आणि थरारकादंबरीला कर्त्यावाचून चालत नाही. ‘त्याला विष दिले म्हणतात’ या वाक्यात क्रियापद आहे, कर्म आहे, ‘म्हणतात’ आहे. फक्त देणारा नाही. पद निर्माण केले की ती रिकामी जागा भरते, आणि नुसती भरत नाही तर तिच्याबरोबर प्रशिक्षण, तंत्र, साहित्य, चुकण्याची शक्यता आणि बढतीची आशा हे सारे ओघाने येते. अफवेचा धंदा होतो, आणि धंद्याचे वर्णन करता येते.

मूळ अफवा कशी होती ते थोडे पाहू. सहावा अलेक्झांडर १८ ऑगस्ट १५०३ रोजी मरण पावला. त्या महिन्याच्या आरंभी कार्डिनल आद्रियानो कास्तेल्लेसी याच्या मळ्यात झालेल्या मेजवानीला तो आणि त्याचा मुलगा चेझारे उपस्थित होते. पुढे दोघेही आजारी पडले. मुलगा वाचला, बाप गेला. पोपचा विधिप्रमुख योहान बुर्खार्ड याच्या रोजनिशीत १२ ऑगस्टपासूनचा ताप आहे, रक्त काढल्याची नोंद आहे, मृत्यूनंतर काळा पडून फुगलेल्या देहाचे अंगावर शहारे आणणारे वर्णन आहे. विष नाही. काही दशकांनी लिहिणाऱ्या ग्विच्चार्दिनीच्या इतिहासात मात्र पूर्ण कथानक तयार झालेले दिसते: बापलेकांनी यजमानासाठी विषमिश्रित मद्य आणून ठेवले होते, पोप तहानलेला आधी पोचला, नोकराने नेमक्या त्याच बाटलीतून त्याला पाजले. ऑगस्टमधील रोम हे हिवतापाचे माहेरघर होते. आजचे बहुतेक इतिहासकार हिवतापाकडेच बोट दाखवतात. पण हिवतापाला हेतू नसतो. ग्विच्चार्दिनीच्या कथेत हेतू आहे, योग्य शिक्षा आहे, नाट्यात्म उलटापालट आहे. ज्याने खड्डा खणला तोच त्यात पडला. सोळाव्या शतकात ‘विष’ हे निदान फार कमी वेळा असते. अचानक आलेल्या मृत्यूला कथानक मिळवून देणारी ती एक कथनयुक्ती असते. मृत्यूने कोणाचा फायदा झाला, एवढा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर आले की मागे जाऊन पेला भरायचा.

याच उलट्या क्रमाने लुक्रेत्सिया बोर्जिया विषकन्या झाली. बापाच्या आणि भावाच्या राजकारणासाठी तिची तीन लग्ने लावण्यात आली, आणि १५१९ मध्ये फेरारा येथे बाळंतपणानंतर तिचा मृत्यू झाला. तिने कोणाला विष दिल्याचा पुरावा नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३३ मधील नाटकाने आणि त्याच वर्षी त्यावरून आलेल्या दोनिझेत्तीच्या ऑपेराने तिच्या हाती पेला दिला, तो अद्याप सुटलेला नाही.

येथे मला साल महत्त्वाचे वाटते. सोमल पोटात गेला की होणाऱ्या उलट्या, जुलाब, पेटके हे पटकीसारखेच दिसतात. दोहोंतील फरक देहातून सिद्ध करण्याची खात्रीलायक रीत एकोणिसाव्या शतकापूर्वी नव्हती. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची सोमल ओळखण्याची चाचणी १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली. १८४० मध्ये फ्रान्समधील त्यूल येथे मारी लाफार्ज हिच्यावर नवऱ्याला सोमल घातल्याचा खटला चालला, तेव्हा ओर्फिला या ख्यातनाम विषशास्त्रज्ञाने हीच चाचणी न्यायालयासाठी केली. वृत्तपत्रांतून साऱ्या देशाने तो खटला वाचला. ह्यूगोचे नाटक या घटनांच्या अलीकडचे, अलेक्झांडर ड्यूमाची ‘ला रेन मार्गो’ (१८४५) पलीकडची. ह्यूगोच्या नाटकात विष शापासारखे आहे; ते कोणते, किती, कशातून, याची फारशी फिकीर नाटकाला नाही. ड्यूमाच्या कादंबरीत विष हा पदार्थ आहे. त्याला मार्ग आहे, मात्रा आहे, त्याच्या खुणा आहेत, आणि त्या वाचणारा कोणीतरी आहे. ज्या वाचकवर्गाने लाफार्ज खटला वाचला होता त्याला आता पुराव्याशिवाय विष पचणार नव्हते! प्रबोधनकाळातील दरबारी विषकाराची थरारकादंबरी ही म्हणूनच प्रबोधनकाळाची संतती नव्हे. ती पुराव्याच्या युगाची संतती आहे. सोळाव्या शतकाला जी खात्री कधीच मिळाली नाही ती हे युग त्याला मागाहून बहाल करते.

पुराव्याचे युग तरी किती खात्रीचे, हा निराळा विषय. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को द मेदिची आणि त्याची पत्नी बियांका कापेल्लो ऑक्टोबर १५८७ मध्ये एका दिवसाच्या अंतराने मरण पावली, आणि गादीवर आलेल्या भावावर संशय गेला. चार शतकांनंतर, २००६ मध्ये, एका संशोधकगटाने अवशेषांत सोमल सापडल्याचे जाहीर केले. पुढे काही वर्षांतच दुसऱ्या गटाला फ्रान्चेस्कोच्या अस्थींत हिवतापाच्या परोपजीवीच्या खुणा मिळाल्या. प्रयोगशाळेतही दोन आवृत्त्या तयार झाल्या आहेत, आणि पाठभेदांची सवय असलेल्या आपल्या विद्याशाखेला याचे आश्चर्य वाटू नये.

ड्यूमाकडे परत जाऊ. ‘ला रेन मार्गो’मध्ये राजमाता कॅथरीन द मेदिची हिला जावई आंरी, म्हणजे नावारचा राजा, नको आहे. तिचा अत्तरवाला, फ्लॉरेन्सहून आलेला रने, याच्याकडून बहिरी ससाण्याच्या शिकारीवरील एक जुना ग्रंथ येतो. त्याच्या पानांना सोमल लावलेला आहे. पाने एकमेकांना चिकटली आहेत. वाचणाऱ्याने बोट जिभेला लावून एकेक पान सोडवत जायचे आणि शिकारीच्या नादात स्वतःच्या हाताने मरण खायचे, असा बेत आहे. ग्रंथ आंरीच्या दालनात ठेवला जातो, पण तेथे तो सापडतो राजा चार्ल्सला, कॅथरीनच्या सख्ख्या मुलाला. शिकारीचा वेडा चार्ल्स तो घेऊन बसतो. काही काळाने त्याचा आवडता कुत्रा त्याच ग्रंथाची पाने चावून मरतो, आणि कुत्र्याच्या तोंडातील कागदावरून राजाला आपल्या पोटातील आगीचा अर्थ कळतो. मृत्यूचे कारण समजलेला, पण मृत्यू टाळता न येणारा वाचक: कादंबरीच्या इतिहासात असा दुसरा पटकन आठवत नाही.

ही युक्ती ड्यूमाची नव्हे. अरबी सुरस कथांतील दुबान वैद्याची गोष्ट तिच्या फार आधीची आहे. कृतघ्न राजा वैद्याचा शिरच्छेद करवतो आणि वैद्याने दिलेल्या कोऱ्या ग्रंथाची पाने बोट ओले करून उलटताना स्वतः मरतो. या कथासंग्रहाची मराठीला ओळख करून दिली ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, त्यामुळे ओले बोट आपल्याकडेही जुने आहे. उंबेर्तो एको यांनी १९८० मध्ये तेच बोट एका मठाच्या ग्रंथालयात नेले, आणि तेव्हापासून समीक्षेला या प्रतिमेचे व्यसनच जडले. संहिता हीच विष, वाचन हेच विषप्राशन, अर्थाच्या मागे लागलेल्या वाचकाचा मृत्यू, अशी मांडणी मी इतक्या चर्चासत्रांत ऐकली आहे की आता विषग्रंथाचे नाव निघाले की चहाची वेळ झाली असे समजते. मांडणी चुकीची नाही. पण ती एका फार सोयीच्या ठिकाणी थांबते. ड्यूमाचे कथानक तेथे थांबत नाही.

चार्ल्सला विष कळल्यानंतर काय होते ते पाहावे. राजाला त्याच्या आईने मारले हे जगाला कळणे राज्याला परवडणारे नाही. मग मृत्यूला दुसरे कारण हवे, आणि कारणाला माणूस हवा. ला मोल हा तरुण सरदार आयताच हाती आहे. प्रेमसिद्धीसाठी त्याने रनेकडून करून घेतलेली मेणाची बाहुली, जी खरे तर राणी मार्गोची आहे, ती राजाची ठरवली जाते. तिच्या काळजात टोचलेली सुई म्हणजे राजावरील चेटूक ठरते. ला मोल आणि त्याचा मित्र कोकोनास यांचा छळ होतो, शिरच्छेद होतो, आणि सत्य जाणणारा राजा ते होऊ देतो. ड्यूमा हा घाईने लिहिणारा लेखक होता, हप्त्यांचा धनी होता. तरी या एका जागी त्याने असे काही पाहिले आहे जे आपल्या चर्चासत्रांना सहसा दिसत नाही. विषाच्या प्रत्येक कथेत मेलेल्या माणसाबरोबर आणखी एक माणूस मरतो: ज्याच्यावर ती कथा बसवली जाते तो. हे ड्यूमाचे केवळ कल्पित नाही. ऐतिहासिक ला मोल आणि कोकोनास यांचा ३० एप्रिल १५७४ रोजी पॅरिसमध्ये कटाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला, आणि त्या खटल्यात मेणाची बाहुली खरोखरच होती. चार्ल्स बरोबर एक महिन्याने, ३० मे रोजी, बहुधा क्षयाने मरण पावला.

याहून सुटे आणि याहून भयंकर उदाहरण त्याच घराण्यात चार दशके आधीचे आहे. ऑगस्ट १५३६ मध्ये फ्रान्सचा युवराज फ्रान्स्वा, वय वर्षे अठरा, चेंडूचा खेळ खेळून घामाघूम झाल्यावर गार पाणी प्याला, आजारी पडला आणि काही दिवसांत तूर्नों येथे गेला. पाणी आणून देणारा सेबास्तियानो मोन्तेकुक्कोली हा इटालियन होता. फ्रान्सचे सम्राट पाचव्या चार्ल्सशी युद्ध चालू होते. आणि झडतीत त्याच्याजवळ विषांवरील एक ग्रंथ सापडला. छळाखाली त्याने कबुली दिली, सम्राटाच्या सेनानींची नावे घेतली. पुढे ती कबुली मागे घेतली. ७ ऑक्टोबर रोजी लियों येथे चार घोड्यांना बांधून त्याचा देह फाडण्यात आला. युवराजाला फुप्फुसाचा विकार असावा असे आज सामान्यतः मानले जाते. त्याच्या मृत्यूने धाकटा भाऊ आंरी गादीचा वारस झाला, आणि आंरीची इटालियन बायको कॅथरीन भावी राणी झाली. मग ‘कोणाचा फायदा झाला’ या प्रश्नाचे बोट तिच्याकडेही वळले. कॅथरीनच्या विषकथेची सुरुवात शोधायची तर या पाण्याच्या भांड्यापाशी यावे लागते.

मोन्तेकुक्कोलीच्या खटल्याची रचना तपासली की वाचक म्हणून मी अस्वस्थ होते. परकीयपणा, जवळीक, संधी, हेतूची शक्यता, आणि शेवटी सापडलेला ग्रंथ: न्यायाधीशांनी ज्या दुव्यांनी साखळी जुळवली ते अगदी थरारकादंबरीचे दुवे आहेत. कादंबरीत हे पाचही दुवे एका पात्राभोवती जमले तर आपण समाधानाने मान डोलावतो. एखाद्या चलाख लेखकाने त्याला निर्दोष ठरवले, तर ती कलाटणी म्हणून आपण तिचे कौतुक करतो. म्हणजे आपली मूळ अपेक्षा त्याला दोषी धरण्याचीच होती. विषांवरचा ग्रंथ तेव्हा औषधांच्या ग्रंथाहून वेगळा नव्हता. वैद्यकात रस असलेल्या कोणाही सुशिक्षिताजवळ तो सापडू शकला असता. मोन्तेकुक्कोलीच्या बाबतीत त्याचे वाचनच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. वाचन प्राणघातक असते याची ही प्रतिमा एकोंच्या ओल्या बोटाहून मला अधिक खरी वाटते. तिला जिभेची गरज पडत नाही.

माझ्या या अस्वस्थतेला ग्रंथाबाहेरचेही एक कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. माझ्या आजीची धाकटी जाऊ ऐन तारुण्यात विधवा झाली. नवरा एका रात्रीत उलट्या-जुलाबांनी गेला. त्या पावसाळ्यात पंचक्रोशीत पटकी होती. तरीही ‘दुधातून काहीतरी घातले’ हे वाक्य गावात फिरू लागले, आणि ते कोणी म्हटले हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आले नाही. तिला घरातून कोणी काढले नाही, कोणी हात उगारला नाही. चुलीपुढे मात्र ती पुन्हा बसली नाही. दळण, निवडण, गोठा हे तिच्याकडे राहिले. मी तिला पाहिले ते तिच्या म्हातारपणी. चहा गाळण्याचे काम तेवढे तोपर्यंत तिच्याकडे आले होते. गाळून झाला की ती आधी स्वतःच्या बशीत ओतून सगळ्यांसमोर एक घोट घेई आणि मग कपबशा पुढे सरकवी. कोणी तिला तसे करायला सांगितले नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी ‘क्रेदेंझा’ या शब्दाचा इतिहास वाचताना मला ती बशी दिसली. दरबारात हा विधी विश्वासू सेवकाचा मान असेल. आमच्या ओसरीवर तो एका बाईने जन्मभर दिलेला जबाब होता.

म्हणून फ्रान्चेस्काविषयीचे माझे मत सरळ रेषेत जात नाही. ‘पॉयझन’ वरील चर्चेत माझ्या एका विद्यार्थिनीने असा मुद्दा मांडला की, शतकानुशतके स्त्रीला विषारी म्हणणाऱ्या परंपरेतून पूल यांनी अपराधाचा शिक्का काढून घेतला आणि त्याच जागी कौशल्य ठेवले. ही एक प्रकारची परतफेड आहे. मुद्दा बिनतोड आहे. फ्रान्चेस्काला भट्टी आहे, तराजू आहे, नोंदवही आहे; तिला शंका येतात, अपराधभाव वाटतो, आणि हे सारे ती स्वतःच्या आवाजात सांगते. ह्यूगोच्या लुक्रेत्सियाला यातले काही नव्हते. पुरुषाच्या हातातील तलवारीइतकीच प्रतिष्ठा बाईच्या हातातील पेल्याला मिळणे यात वाचकांना, विशेषतः वाचक स्त्रियांना, जो आनंद होतो तो मी नाकारत नाही. मलाही तो झाला. पण परतफेड करताना आधी कर्ज मान्य करावे लागते. ‘बायकांनी विष दिले’ हे मूळ विधान पूल यांची कादंबरी खोडत नाही. ते खरे धरते आणि त्याचे मूल्य बदलते. ज्यांनी विष दिलेच नव्हते त्यांच्यासाठी या बदललेल्या मूल्याचा उपयोग काय? आजीच्या जावेला उत्तम विषकार ठरवून तिच्यावरचा अन्याय दूर झाला असता, असे मला म्हणवत नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, कादंबरी अन्याय दूर करायला लिहिली जात नाही. आमचा वाद तेथे राहिला आहे.

या साऱ्या वाचनात एक उणीव मला सतत जाणवत राहते. दरबारात विष दिल्याचे निःसंदिग्ध, स्वाक्षरीनिशी नोंदलेले, कोणीही न नाकारलेले प्रसंग सोळाव्या शतकात आहेत. आणि तेच कादंबरीत येत नाहीत. १५२४ मध्ये रोममध्ये पोप सातवा क्लेमेंट याच्या संमतीने मृत्युदंड झालेल्या दोन कैद्यांना बचनाग घातलेली बदामाची मिठाई खाऊ घालण्यात आली. एकाला नव्या उताऱ्याचे तेल चोळले, दुसऱ्याला नाही. पहिला जगला, दुसरा तडफडून मेला, आणि तेलाची ख्याती झाली. येथे कट नाही, चोरवाट नाही, पोकळ अंगठी नाही. विष देणारे वैद्य आहेत, साक्षीला प्रतिष्ठित मंडळी आहेत, आणि वृत्तांत प्रसिद्ध करण्यासाठी लिहिलेला आहे. दरबारी विषकाराचे पद शोधायचेच असेल तर ते येथे शोधावे लागेल. पण त्याचे नाव वैद्य असल्यामुळे आपल्याला तो दिसत नाही.

ड्यूमाच्या हातून निसटलेला प्रसंग तर त्याच्याच पात्रांचा आहे. शल्यवैद्य आंब्रुआझ पारे ‘ला रेन मार्गो’मध्ये वावरतो, राजा चार्ल्स तर तिचा एक नायकच. पारेने विषांवरील आपल्या लेखनात एक हकिकत दिली आहे. राजाचा मुक्काम क्लेरमों येथे असताना एका स्पॅनिश सरदाराने त्याला बेझोअर आणून दिला. प्राण्यांच्या पोटात तयार होणारा हा खडा सर्व विषांवर उतारा मानला जाई. नाव फारसीतील ‘पादजहर’वरून आले, आणि युरोपच्या राजवाड्यांत तो पोचे तो बहुतांशी पूर्वेच्या व्यापारातून, ज्याचे एक मोठे ठाणे गोवा होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जाणारा गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या संवादग्रंथात या खड्याचीही चर्चा आहे आणि धोतऱ्याचीही. (ओर्ताचे घराणे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचे. त्याच्या मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.) चार्ल्सने पारेला विचारले, सर्व विषांवर चालेल असा उतारा असू शकतो काय? पारे म्हणाला, नाही. विषांचे प्रकार वेगळे, त्यांची कार्ये वेगळी. आणि हवे तर फाशी ठरलेल्या एखाद्या कैद्यावर पाहता येईल.

असा एक कैदी मिळाला. तो आचारी होता. त्याने धन्याच्या घरातील चांदीची दोन ताटे चोरली होती आणि त्याला फाशी व्हायची होती. विष घे, लगेच हा खडा देऊ, वाचलास तर सुटलास, असे त्याला सांगण्यात आले. तो आनंदाने तयार झाला. लोकांसमोर गळफास लागण्यापेक्षा विषाने मेलेले बरे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याला रसकापूर देण्यात आला, त्यावर बेझोअर देण्यात आला. उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आग होते म्हणून तो पाणी मागू लागला. तासाभराने पारे गेला तेव्हा तो जनावरासारखा चार पायांवर रांगत होता, जीभ बाहेर आली होती, डोळे लाल झाले होते, कानानाकातून रक्त येत होते. पारेने त्याला तेल पाजून पाहिले. उशीर झाला होता. सात तासांनी तो मेला. पारेने त्याचे पोट उघडले. जठराचा तळ डागल्यासारखा काळा आणि कोरडा होता, आणि त्यावरून रसकापूरच दिला गेल्याची त्याची खात्री पटली. आचाऱ्याचे नाव पारेने दिलेले नाही. राजाने तो खडा आगीत टाकायला सांगितला, आणि तो टाकण्यात आला.